कताना घरी आणलीय? मग या चुका टाळा

कताना, म्हणजे जपानी तलवार. कार्बन पोलादाची, हाताने घडवलेली कताना आजकाल लढाईत खराब होत नाही. ती खराब होते कपाटात, आणि बहुतेक वेळा मालकाच्या हौसेपायी. कुणी चकाकी आणायला जातो, कुणी धार लावून आणतो, कुणी मूठ हलते म्हणून आत काहीतरी ओततो. नुसती पडून राहिलेली तलवार सुधारता येते, असल्या दुरुस्त्यांनी बिघडलेली सहसा नाही.

आज विकत मिळणाऱ्या कताना मोठ्या संख्येने चीनच्या लोंगछुआनमध्ये घडतात. त्यांच्या वर्णनात 1060, 1095 असे आकडे असतात. 1060 म्हणजे सुमारे 0.60 टक्के कार्बन, 1095 म्हणजे 0.95. कार्बन वाढला की धार जास्त कडक होऊ शकते, पण ठिसूळपणाही वाढतो. स्टेनलेसला गंजापासून वाचवायला साडेदहा टक्के तरी क्रोमियम लागते, ते इथे जवळजवळ नसतेच. त्यामुळे हे पाते गंजणार हे धरूनच चालायचे.

पात्याला बोट लावणे

पाहुण्याच्या हातात तलवार दिली की त्याचा अंगठा आधी पात्यावर जातो. घामातले मीठ पोलादावर बसते, आणि पावसाळ्यात काही दिवसांतच तिथे अंगठ्याचा तपकिरी ठसा उमटतो, रेघांसकट. हात लागलाच तर लगेच मऊ सुती कापडाने पुसून तेलाचा हात फिरवा. पुसताना कापड पात्याच्या पाठीकडून घाला आणि हाबाकीकडून, म्हणजे मुठीजवळच्या धातूच्या पट्ट्याकडून, टोकाकडे न्या. उलट दिशेला कधीच नाही. बोटे अशीच कापतात.

खोबरेल, आणि तेही भरपूर

घरात तेल म्हटले की खोबरेलाची बाटली पुढे येते. ते थंडीत गोठते, कालांतराने खवट होते, चिकट थर धरते आणि त्या थरात धूळ बसते. जपानी चोजी तेल म्हणजे बहुतांश खनिज तेल आणि त्यात लवंगतेलाचा अंश. ते मिळाले नाही तर शिलाई मशीनचे स्वच्छ तेल चालते. पाते ओले दिसेल इतके लावायचे नाही, प्रकाशात धरल्यावर नुसती झाक दिसली की पुरे. जास्तीचे तेल म्यानाच्या लाकडात मुरते, आत घाण धरून ठेवते आणि मग प्रत्येक वेळी तीच घाण पात्यावर ओरखडे काढते. कोरड्या हवेत दोन-तीन महिन्यांनी तेल बदलले तरी भागते. कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर मात्र दर पंधरवड्याला पाते काढून बघाच.

खंडेनवमीची पूजा थेट पात्यावर

हा सल्ला जपानी माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. नवमीला शस्त्रे मांडायची, पाते उघडे ठेवायचे, ओल्या बोटाने हळदकुंकू लावायचे, अक्षता टाकायच्या, वर झेंडूची फुले, आणि सगळे दुसऱ्या दिवशीपर्यंत तसेच. फुलांचे पाणी रात्रभर पोलादावर राहते आणि कुंकवाच्या ठिपक्याखाली ओल अडकते. सकाळी फूल उचलले की खाली पाकळ्यांच्या आकाराचा डाग. पूजा जरूर करा, पण हळदकुंकू म्यानाला लावा. लाखेचा थर असलेले म्यान पुसून निघते. मुठीच्या दोऱ्यालाही लावू नका, तो रंग धरतो. पाते पाहायचेच असेल तर आरतीपुरते काढा, नंतर पुसा, तेल लावा आणि परत घाला.

धारवाल्याकडे नेणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. कतानाची धार सुरीसारखी दोन सपाट उतारांची नसते. पाते अंगानेच हलके फुगीर होत धारेपर्यंत येते, शेवटी वेगळा उतार नसतो. चाकावर धरले की ती फुगीरता जाते आणि धारेलगत एक भडक चकचकीत पट्टी तयार होते. त्याहून वाईट म्हणजे उष्णता. पोलाद तापत गेले की आधी पिवळसर होते, 300 अंशांच्या आसपास निळे. चाकावरून आलेल्या पात्याच्या धारेवर निळा ठिपका दिसला, तर तेवढ्या जागी कडकपणा उतरला असे समजा. तो परत आणायचा तर पाते पुन्हा भट्टीत घालावे लागेल.

पॉलिश पेपर आणि बफिंग यांचेही तेच. मातीचा लेप देऊन पाणी पाजलेल्या पात्यावर धारेलगत जी पांढुरकी लहर दिसते, ती हामोन. पाठीवर लेप जाड, म्हणून ती सावकाश थंड होऊन मऊ राहते. धारेवर पातळ, म्हणून ती झटकन थंड होऊन कडक होते. हामोन ही त्या दोन पोलादांमधली सीमा. बफ मारले की ती झाकोळते. स्वस्त तलवारींवर तर ही लहर आम्लाने किंवा तारेच्या ब्रशने नुसती काढलेली असते, ती दोन हातांत पुसली जाते. म्हणजे बफिंगने निदान खोटेपणा तरी उघडा पडतो! ताजा लाल गंज असेल तर तेल लावून रात्रभर ठेवा आणि कापडाने पुसा, इतकेच. खोल खड्डा पडला असेल तर राहू द्या.

आवाज कुठून येतो ते न बघता चिकटवणे

मूठ हलते म्हटल्यावर एम-सील भरणारे भेटतात. आपल्याकडच्या जुन्या तलवारीत मूठ लाखेने बसवलेली असते, त्यामुळे काहीतरी ओतून घट्ट करायचे हे आपल्याला सवयीचे वाटते. कतानाची रचना वेगळी आहे: ती सुटी करता यावी म्हणूनच तशी केलेली असते. मुठीतून आरपार गेलेली बांबूची एक निमुळती खुंटी, मेकुगी, पात्याचा दांडा धरून ठेवते. काही तलवारींत अशा दोन खुंट्या असतात.

तलवार म्यानासकट हलवा. पाते म्यानात खडखडत असेल तर म्यानाचे तोंड सैल आहे. आतल्या बाजूला लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवला की काम होते. पाते बाहेर काढून हलवल्यावर त्सुबा, म्हणजे मधली चकती, किणकिणत असेल तर तिच्या दोन्ही बाजूंच्या सेप्पा, म्हणजे वॉशरसारख्या पातळ चकत्या, झिजल्या आहेत किंवा अदलाबदल होऊन बसल्या आहेत. म्हणून उघडताना फोटो काढून ठेवा. बसवताना आधी हाबाकी, मग सेप्पा, त्सुबा, दुसरी सेप्पा आणि शेवटी मूठ. हे सगळे ठीक असून मूठच डुगडुगत असेल तर खुंटी बदला, वाळलेल्या चिवट बांबूची. चॉपस्टिकचे मऊ लाकूड किंवा लोखंडी खिळा नको. खिळा स्वतः तुटत नाही, मुठीचे लाकूड फाडतो.

मूठ निघत नसेल तर पाते धरून ओढू नका. खुंटी काढा, डाव्या हाताने मूठ धरून तलवार उभी धरा, टोक वर, आणि उजव्या मुठीने डाव्या मनगटावर ठोका. दांडा हळूहळू सैल होतो. दांड्यावर काळसर गंज दिसेल. तलवार जुनी असेल तर त्याला हात लावू नका, तिचे वय जाणकार त्यावरूनच जोखतात.

चिंच, लिंबू-मीठ आणि ताम्हण घासायची पूड

पितळी हाबाकी काळवंडली म्हणून ती जागच्या जागी चिंचेने घासली, तर आंबट पाणी तिच्याखाली पोलादाशी जाऊन बसते, आणि तो गंज वरून दिसत नाही. लोखंडी त्सुबाचा तपकिरी-काळा थर हीच तिची शोभा आहे. कोरडे कापड पुरे.

पावसात म्यान तासणे

म्यान सहसा लाकडी असते आणि दमट हवेत फुगते. जुलैत तलवार अडकते म्हणून आत कानस मारली, की मार्चमध्ये तीच तलवार म्यान उलटे करताच घसरून पायावर येते. अडकली तर त्सुबाला अंगठ्याने रेटा द्या, झटका नको. म्यानाचे तोंड धरताना बोटे धारेच्या बाजूने गुंडाळू नका. म्यानात सिलिका जेलच्या पुड्या कोंबल्या तर लाकूड तडकते. त्या कपाटात ठेवा.

नारळ, वाळलेला बांबू, झाडाची फांदी

कापण्याच्या सरावासाठी जपानात तातामी, म्हणजे गवती चटई, गुंडाळून आणि पाण्यात भिजवून वापरतात. नारळावर तिरका घाव बसला तर मऊ पाठीचे पाते वाकते आणि वाकलेलेच राहते. स्टेनलेसची शोभेची तलवार तर हवेतही फिरवू नका. तिच्या मुठीत बहुधा बारीक सळई डाखलेली असते, ती तुटली की पाते सुटून समोरच्याकडे जाते.

कागद न बघता खरेदी

शस्त्र अधिनियम 1959 खालच्या नियमांत तलवार शस्त्रांच्या पाचव्या वर्गात येते. पाते 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद असलेली, घरगुती वा शेतीच्या कामाची नसलेली हत्यारेही त्याच वर्गात. "शोभेची आहे" हे विक्रेत्याचे म्हणणे पोलीस चौकीत चालेलच असे नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शहरांत वेळोवेळी मनाई आदेश निघतात, तेव्हा ती गाडीतून नेणेही अंगाशी येऊ शकते. पैसे भरण्याआधी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारा. जपानातून जुनी तलवार आणायची असेल तर तिथल्या सांस्कृतिक व्यवहार संस्थेचा निर्यात दाखला लागतो, तो विक्रेत्याकडून आधीच मागून घ्या.