‘ईसीएम गेला’ म्हणण्याआधी: जुन्या डिझेल गाडीतला बिघाड कसा शोधावा

गाडी सेल्फ घेते पण स्टार्ट होत नाही. किंवा भर उन्हात चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने काहीच झालं नाही अशी सुरू होते. गॅरेजवर नेली की पुष्कळदा लगेच निकाल मिळतो: ‘ईसीएम गेला.’ ईसीएम म्हणा की ईसीयू, इंजिन चालवणारा कॉम्प्युटरचा डबा एकच, आणि तो गाडीतल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक. पण तो स्वतःहून क्वचित जातो. बहुतेक वेळा त्याच्यापर्यंत करंट नीट पोचत नसतो, नाहीतर एखादा सेन्सर त्याला चुकीचं सांगत असतो. म्हणून तपासणीत त्याचा नंबर शेवटी लावायचा.

हे सगळं कॉमन रेल डिझेलसाठी आहे, म्हणजे ज्या गाडीत डिझेल एका सामाईक नळीत (रेलमध्ये) दाबाने साठतं आणि तिथून इंजेक्टर ते सिलिंडरमध्ये फवारतात. सुरुवातीच्या इंडिका डिझेलसारख्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीला यातलं फारसं लागू होत नाही.

लागणारं सामान थोडं आहे. एक मल्टीमीटर, ईसीएममधले बिघाडाचे कोड वाचणारा एक स्कॅनर आणि मागच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी जोडलेल्या. बीएस-३ (धुराच्या जुन्या नियमांतल्या) गाडीत स्कॅनर जोडायचं १६ पिनचं ओबीडी सॉकेट असलं तरी स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टरवर सगळं दिसेलच असं नाही. तिथे त्या कंपनीच्या गाड्या वाचणारा स्कॅनर असलेला वायरिंगवाला गाठा.

दोन गोष्टी आधीच सांगतो. इंजिन चालू असताना हाय प्रेशर पाइपचा नट कधीही सैल करू नका. आत हजार बारच्या वर दाब जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते. चालू इंजिनवर इंजेक्टरच्या वायरींनाही हात लावू नका, तिथे १२ व्होल्टपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज असतं.

पहिली पायरी: चेक लाइट काय म्हणते

चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. इंजिनची चेक लाइट लागली आणि स्कॅनर जोडला गेला, तर ईसीएम जिवंत आहे. मग थेट कोडकडे वळा. लाइटच लागत नाही आणि स्कॅनरही बोलत नाही, तर डब्याला करंट किंवा अर्थिंग मिळत नसण्याची शक्यता सगळ्यात जास्त. स्कॅनरचा दिवासुद्धा लागला नाही तर सॉकेटचा १६ नंबर पिन तपासा, तिथे बॅटरीचा प्लस असतो. ४ आणि ५ नंबरवर अर्थ. हा प्लस पुष्कळ गाड्यांत इतर कशाच्या तरी फ्यूजवरून येतो, तेव्हा आधी फ्यूज बघा.

दुसरी पायरी: बॅटरी

गाडी रात्रभर उभी असेल तर सकाळी १२.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत. सेल्फ मारताना मीटर ९.६ च्या खाली गेला तर पुढचं काही तपासण्यात अर्थ नाही. व्होल्टेज पडलं की ईसीएम मध्येच रीसेट होतो आणि भलतेच कोड टाकतो. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ असायला हवं.

आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरीचं पाणी लवकर उडतं. ते बोअरच्या पाण्याने भरू नका. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्यातले क्षार प्लेटा खातात. डिस्टिल्ड वॉटरच वापरा.

तिसरी पायरी: करंट आणि अर्थिंग

इथे घाई करू नका, कारण खरा गोंधळ बहुधा इथेच असतो. ईसीएमच्या फ्यूजवर मीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस पुढे जातो. पण वायरीच्या आतल्या तारा गंजून तुटल्या असतील आणि एकच तार धरून राहिली असेल, तरी मीटर १२ च दाखवतो, कारण मीटर करंट जवळपास ओढतच नाही. म्हणून बल्ब लावायचा. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. ईसीएमच्या सॉकेटच्या प्लसवर तो लख्ख पेटला तर वायर ठीक, मिणमिणला तर त्या वायरीत दम नाही. मेन रिलेही असाच तपासा. त्याच मापाचा दुसरा रिले शेजारच्या खाचेतला काढून लावून बघता येतो.

अर्थिंगसाठी मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसच्या खुंटीवरच टेकवा, क्लॅम्पवर नको. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. आता दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आसपास ठीक, ०.५ च्या वर गेला तर अर्थचा पट्टा खराब. बॉडीवर जिथे पट्टा बसतो तिथला बोल्ट काढून बघा. काळ्या मातीचा चिखल आत जाऊन सुकलेला असतो आणि खाली गंज धरलेला. तो सँडपेपरने घासून चकचकीत करा, बोल्ट घट्ट करा, मग वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस लावून बोल्ट आवळू नका.

चौथी पायरी: कोड लिहून घ्या

कोड उडवण्याआधी वहीत उतरवा किंवा फोटो काढा. फ्रीज फ्रेम (कोड पडला त्या क्षणाचे आकडे) दिसत असेल तर तीही. मग कोड पुसा, गाडी चालवा आणि परत कोणता येतो ते बघा. परत येणारा कोडच कामाचा.

कोड पार्ट सांगत नाही, सर्किट सांगतो. पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरच (इंजिन किती फिरतंय ते सांगणारा) बदला असं नाही, त्याची वायरही असू शकते. पी ००८७ म्हणजे रेलमध्ये दाब कमी, आणि त्याचं कारण तुंबलेला डिझेल फिल्टरही असतो. पी ०६०६ हा प्रोसेसरचा कोड बघून घाबरायला होतं, पण आधी बॅटरी आणि अर्थिंग नीट करून तो परत येतो का ते पाहा.

एकदम तीन-चार सेन्सरचे कोड आले तर सगळे सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. ईसीएम अनेक सेन्सरना मिळून ५ व्होल्ट पुरवतो: रेल प्रेशर, बूस्ट (टर्बोचा दाब), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा वॉल्व्ह), ॲक्सिलरेटर. एक सेन्सर शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे ५ व्होल्ट खाली ओढतो. मीटर त्या लाइनवर ठेवा आणि एकेका सेन्सरचा सॉकेट काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो गुन्हेगार. सगळे काढूनही आले नाहीत तर वायरिंग बॉडीला घासतंय का ते शोधा.

पाचवी पायरी: सेल्फ मारताना दोन आकडे

स्टार्ट न होणाऱ्या गाडीत लाइव्ह डेटामध्ये इंजिनचा आरपीएम आणि रेलचा दाब बघा. सेल्फ फिरतोय आणि आरपीएम शून्य, तर क्रँक सेन्सर, त्याची वायर किंवा त्याच्या टोकाला चिकटलेला लोखंडी कीस बघा. आरपीएम दोनशेच्या आसपास आहे पण दाब २०० ते २५० बारपर्यंत चढत नाही, तर बहुतेक गाड्यांत इंजेक्टर उघडतच नाहीत. अशा वेळी डिझेलमध्ये मिसळलेलं पाणी, फिल्टर, पाइपात शिरलेली हवा आणि इंजेक्टरचा रिटर्न बघा. फिल्टरनंतर थोडा पारदर्शक पाइप जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात. रिटर्नसाठी चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार सारख्या बाटल्यांत सोडा. एक बाटली बाकीच्यांपेक्षा झपाट्याने भरली तर तो इंजेक्टर दाब गळवतोय.

गरम झाल्यावर बंद पडून गार झाल्यावर सुरू होणारी गाडी बहुधा क्रँक सेन्सरची असते. बंद पडली त्याच क्षणी स्कॅनरवर आरपीएम बघा. नंतर बघून उपयोग नाही.

सहावी पायरी: वायरिंग आणि सॉकेट

सोयाबीन, कापसाची सुगी झाली की उंदीर घराकडे येतात आणि उबेला बॉनेटखाली शिरतात. लेंड्या, कुरतडलेला फोम, दातांच्या खुणा शोधा. इंजिन चालू ठेवून वायरिंगचा गठ्ठा हळूच हलवत जा (पंखा, बेल्ट आणि इंजेक्टरच्या वायरींपासून हात लांब). जिथे इंजिन दचकेल तिथे तुटकी वायर.

जोड देताना नुसती टेप गुंडाळू नका. इंजिनच्या उष्णतेने गोंद वितळतो आणि टेप सुटते. सोल्डर करून वर हीट श्रिंक चढवा. शेजारच्या दोन वायरींचे जोड मागेपुढे ठेवा आणि पीळ दिलेली जोडी असेल तर पीळ तसाच ठेवा.

ईसीएमचा सॉकेट काढण्याआधी चावी बंद करून ५ मिनिटं थांबा, मग बॅटरीचा मायनस काढा. पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर पाणी गेलंय. वॉशिंग सेंटरवर इंजिनवर प्रेशर मारण्याचा हा परिणाम. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, पेट्रोल-डिझेलने नाही. मीटरची जाड पिन सॉकेटच्या भोकात खुपसू नका. भोक रुंदावलं की संपर्क कायमचा ढिला होतो.

सीएएन लाइन (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची जोडी) असेल तर बॅटरी काढून ओबीडीच्या ६ आणि १४ नंबर पिनमध्ये ओहम मोजा. साधारण ६० यायला हवेत. १२० आले तर लाइन कुठेतरी तुटली आहे.

एवढं करूनही ईसीएमच दोषी ठरला तर

प्लस आणि अर्थ बल्बवर पक्के आहेत, सेन्सर सगळे काढले तरी ५ व्होल्ट येत नाहीत, वायर कुठे शॉर्ट नाही. असं सगळं जुळलं तरच डबा उघडा.

मग तो कशाने गेला तेही शोधा, नाहीतर दुसराही जाईल. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंप देणं ठीक, ती १२ व्होल्टची असते. ट्रकची २४ व्होल्टची लाइन लावली तर डबा तिथेच जळू शकतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीचा टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासण्याची जुनी पद्धत या गाड्यांना चालत नाही. टर्मिनल निघताच व्होल्टेज एकदम उसळतं. बॉडीला वेल्डिंग करताना बॅटरी आणि ईसीएमचे सॉकेट दोन्ही काढायचे.

भंगारातला डबा घेताना नुसतं गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही, लेबलवरचा पार्ट नंबर अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. तरीही गाडीत इमोबिलायझर (चावी ओळखणारी चोरीविरोधी यंत्रणा) असेल तर तो जुळवल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. पुष्कळ गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोडही नव्या डब्यात भरावा लागतो. जुना डबा अजून बोलत असेल तर तो काढण्याआधीच हे कोड स्कॅनरवरून उतरवून घ्या. बोलत नसेल तर इंजेक्टरच्या डोक्यावरचा मळ पुसून चारही कोडचे फोटो काढा आणि कोणता कितव्या सिलिंडरचा ते लिहून ठेवा.