खोल बर्फासाठी माउंटन स्नोमोबिल: आधी क्लच, मग बाकी सगळं

कमरेएवढ्या भुसभुशीत बर्फात स्नोमोबिल, म्हणजे पुढे दोन स्की आणि मागे फिरणारा रबरी पट्टा (ट्रॅक) असलेली गाडी, रुतली की नव्या माणसाला पहिली आठवण होते ती मोठ्या इंजिनाची. मग टर्बो, रेसिंग पाइप, हलका सायलेन्सर अशी यादी तयार होते. माझं म्हणणं असं की हा क्रम उलटा लावा. आधी क्लच, मग ट्रॅक आणि सस्पेन्शन, आणि इंजिनाला हात सगळ्यांत शेवटी. आजच्या ८५० सीसी टू-स्ट्रोक माउंटन गाड्या कारखान्यातूनच साधारण १६५ अश्वशक्ती घेऊन येतात. एवढी ताकद ट्रॅकपर्यंत नीट पोहोचली तर बहुतेकांना ती पुरून उरते. बऱ्याच गाड्यांमध्ये ती पोहोचतच नाही, आणि खरी दुरुस्ती तिथे करायची असते.

लेखात पुढे ‘माउंटन गाडी’ म्हटलं की १४६ ते १६५ इंच लांब, १५-१६ इंच रुंद ट्रॅक आणि त्यावर अडीच ते तीन इंच उंचीचे रबरी लग (बर्फात पकड घेणारे उंचवटे) असलेली गाडी समजा. तिच्या दोन स्की एकमेकींच्या जवळ असतात, म्हणून ती सहज कुशीवर झुकते. सपाट रस्त्यावर धावणाऱ्या रुंद गाडीला क्लच कितीही बदलला तरी हे जमत नाही.

पायरी १: तुम्ही किती उंचीवर चालवता ते ठरवा

उंची वाढते तशी हवा विरळ होते. टर्बो नसलेलं इंजिन दर ३०० मीटरला (साधारण १००० फुटांना) सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. ३००० मीटरवर पावपेक्षा जास्त ताकद गेलेली असते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात रेव्हलस्टोकला गाडी खालच्या दरीत उतरवून वर चढतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत सुरुवातच बरीच वर होते आणि साडेतीन हजार मीटरपर्यंत गाड्या जातात. एकच गाडी दोन्हीकडे एकाच सेटिंगवर चांगली चालणार नाही. दिवसातला जास्त वेळ ज्या उंचीवर जातो तो आकडा वहीत लिहा. पुढची सगळी जुळवणी त्या आकड्यावर करायची आहे.

पायरी २: क्लच

या गाडीला गिअर नसतात. गिअर नसलेल्या स्कूटरमध्ये असते तशीच दोन पुल्या आणि एक बेल्ट अशी रचना असते, तिलाच इथे क्लच म्हणतात. पुढची पुली इंजिनावर बसते. तिच्यातली वजनं फिरण्याच्या जोराने बाहेर ढकलली जातात, पुलीच्या दोन बाजू जवळ येतात आणि बेल्ट वर चढतो. मागची पुली ट्रॅककडे जोर पाठवते. ट्रॅकवर भार आला की हेलिक्स नावाचा तिरका भाग आणि स्प्रिंग मिळून बेल्टला पुन्हा खालच्या गिअरसारख्या जागी आणतात.

लक्ष्य एकच ठेवा: पूर्ण थ्रॉटलवर (अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून), भाराखाली, इंजिन त्याच्या जास्तीत जास्त ताकदीच्या आरपीएमवर टिकलं पाहिजे. सध्याच्या मोठ्या टू-स्ट्रोक इंजिनांत हा आकडा ८००० च्या आसपास असतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्या, कारण दोनशे आरपीएम इकडेतिकडे झाले तरी खोल बर्फात फरक जाणवतो.

चाचणी कडक रस्त्यावर घेऊ नका. तिथे भार कमी असतो आणि आकडे फसवतात. हिमस्खलनाचा धोका नसलेला, मंद चढाचा, खोल बर्फाचा पट्टा शोधा. इंजिन पूर्ण गरम करा, काही सेकंद थ्रॉटल पूर्ण दाबा आणि आरपीएम पाहा.

आकडा कमी पडत असेल तर पुढच्या पुलीतली वजनं जास्त आहेत. उंचीवर अशक्त झालेल्या इंजिनाला तीच जुनी वजनं फिरवणं जड जातं, म्हणून हलकी बसवा. आकडा जास्त जात असेल तर वजनं कमी पडताहेत, किंवा बेल्ट घसरतोय. बेल्ट घसरतोय का ते कळायला इंजिन बंद करा, टेदर (चालवणाऱ्याला बांधलेली, सुटली की इंजिन बंद करणारी दोरी) काढा, क्लचचं झाकण उघडा आणि हात पुल्यांच्या जवळ नेऊन मग अलगद टेकवा. कोमट असतील तर ठीक. हात ठेववत नसेल तर ताकद उष्णता होऊन वाया जाते आहे, आणि वजनांशी खेळण्याआधी तेच सोडवायला हवं: बेल्ट जुना किंवा तेलकट आहे का, पुल्या एका रेषेत आहेत का, बेल्टची ढिलाई बरोबर आहे का.

आता पुढच्या पुलीची स्प्रिंग. तिच्या सुरुवातीच्या ताणावर क्लच किती आरपीएमला पकडतो ते ठरतं. शर्यतीच्या वेडात बरेच जण कडक स्प्रिंग टाकतात, मग क्लच उशिरा आणि एकदम पकडतो. भुसभुशीत बर्फात असा झटका बसला की ट्रॅक जागेवर फिरतो आणि गाडी स्वतःसाठी खड्डा खणते. खोल बर्फात अलगद सुटणारी गाडी हवी, म्हणून सुरुवातीचा ताण मऊ असलेला बरा. हेलिक्सचा कोन जास्त उभा असेल तर गिअर लवकर चढतो आणि आरपीएम खाली ओढला जातो. कोन पसरट असेल तर झाडांमधून थ्रॉटल सोडत-दाबत जाताना गाडी चटकन प्रतिसाद देते. मी झाडीत चालवणाऱ्याला पसरट कोनच सुचवेन.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वजन, स्प्रिंग आणि हेलिक्स एकाच दिवशी बदललंत तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. प्रत्येक बदलापुढे उंची, तापमान आणि मिळालेला आरपीएम लिहा. पुढची पुली काढायला तिचा खास पुलरच लागतो. हातोडा आणि पहार यांनी ती वाकते. बोल्ट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कनेच आवळा.

नवा बेल्ट पहिले ५० किलोमीटर सौम्य चालवा आणि सुटा बेल्ट कायम गाडीवर ठेवा. बेल्ट तुटला तर नवा घालण्याआधी जुन्याचा प्रत्येक धागा पुल्यांमधून काढा.

पायरी ३: ट्रॅक आणि सस्पेन्शन

ट्रॅक जास्त ताणला की ताकद खातो आणि ढिला ठेवला की चालवणाऱ्या दात्यांवरून उडी मारतो, तेव्हा ठकठक ऐकू येते. पुस्तिकेत सांगितलेलं वजन ट्रॅकच्या मध्यावर टांगून झोल मोजा.

मागच्या सस्पेन्शनमधला लिमिटर स्ट्रॅप हा छोटासा पट्टा चढावर फार मोठं काम करतो. तो आवळला तर स्कींवर दाब वाढतो आणि उभ्या चढावर नाक उचलत नाही. सैल केला तर स्की हलक्या होतात, गाडी मागे बसते आणि ट्रॅक चर खणू लागतो. एका भोकाने बदला, चालवून पाहा, मग पुढचं. मागचे शॉक तुमच्या वजनाप्रमाणे बसवा आणि हे करताना पाठीवर पूर्ण भरलेली सॅक असू द्या. दहा किलोंचा फरक इथे मोजला जातो.

स्क्रॅचर लावलेच पाहिजेत. कडक बर्फावरून जाताना हे तारेचे हात बर्फ खरवडून वर उडवतात. टनेलमधल्या (ट्रॅकवरच्या धातूच्या सांगाड्यातल्या) कूलरला आणि ट्रॅकखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना त्यानेच थंडावा मिळतो. भुसभुशीत बर्फात त्यांची गरज नसते, पण तिथवर पोहोचायचा रस्ता बहुधा कडकच असतो.

पायरी ४: इंजिन, करायचंच असेल तर

पाइप बदलला की इंजिनाला हवा आणि इंधन यांचं वेगळं प्रमाण लागतं. कार्ब्युरेटर असेल तर मेन जेट (इंधन सोडणारं मुख्य छिद्र) बदला. इंजेक्शन असेल तर त्या पाइपसाठी बनवलेलं ट्यूनिंग संगणकात भरून घ्या. मिश्रण इंधनात कमी पडलं की टू-स्ट्रोक इंजिनाचा पिस्टन वितळतो, आणि त्याआधी इशारा फार थोडा मिळतो. जास्त इंधनाने गाडी नुसती मंद होते. शंका असेल तेव्हा इंधनाची बाजू जड ठेवा. कार्ब्युरेटरची गाडी ३००० मीटरवरच्या सौम्य हवेसाठी लावलेली असेल आणि तीच १००० मीटरवर उणे २५ अंशांत पूर्ण थ्रॉटलने पळवली तर इंजिन गेलंच समजा, कारण थंड आणि दाट हवेला जास्त इंधन लागतं.

उंचीवर गेलेली ताकद परत आणण्याचा प्रामाणिक मार्ग टर्बो हाच आहे. गाड्या बनवणाऱ्या स्की-डूने २०२० सालच्या मॉडेलपासून टू-स्ट्रोक इंजिनावर कारखान्याचा टर्बो दिला, पोलारिसने २०२२ च्या मॉडेलमध्ये. बाहेरून किट बसवणार असाल तर त्याला सांगितलेल्या ऑक्टेनचंच पेट्रोल भरा आणि क्लच नव्याने जुळवा. जुन्या वजनांवर टर्बो इंजिन आरपीएमची मर्यादा ओलांडतं. सायलेन्सर काढण्याआधी त्या भागातल्या जंगल खात्याचे आवाजाचे नियम वाचा. आवाजाच्या तक्रारींवरून रस्ते बंद होतात आणि त्याचं नुकसान सगळ्यांनाच सोसावं लागतं.

आणखी एक गोष्ट, फुकटची: इंजिन गरम झाल्याशिवाय पूर्ण थ्रॉटल देऊ नका. थंड सिलिंडरमध्ये पिस्टन आधी फुगतो आणि अडकतो.

पायरी ५: चढायच्या आधी उतार वाचा

बर्फाचा अख्खा थर फरशीसारखा सुटून येतो त्या हिमस्खलनाचा धोका बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर असतो, आणि चढाईची मजाही नेमकी त्याच उतारांवर. म्हणून हे प्रकरण चालवण्याच्या कौशल्यात धरा. कॅनडात अव्हलान्श कॅनडा या संस्थेचं, अमेरिकेत त्या त्या भागातल्या केंद्राचं त्या दिवसाचं अनुमान घराबाहेर पडण्याआधी वाचा. ताजे घसरलेले उतार, पायाखालून ‘धप्प’ असा पोकळ आवाज, बर्फात पळत जाणाऱ्या भेगा यांपैकी काहीही दिसलं की उभे उतार त्या दिवसापुरते सोडून द्या.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे हवं, आणि ते अंगावर हवं. गाडीच्या पिशवीत ठेवलेलं फावडं गाडीबरोबरच गाडलं जातं. फोन ट्रान्सीव्हरपासून निदान २० सेंटिमीटर लांब ठेवा, शोध घेताना ५०. पुरलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने कोसळते. बाहेरची मदत तेवढ्यात येत नाही, सोबतीच काय ते करतात.

उतारावर एका वेळी एकच गाडी. वर कोणी अडकला तर दुसऱ्याने त्याच्या मदतीला चढून जाऊ नये. बाकीच्यांनी उताराच्या पायथ्याशी थांबू नये. बाजूला, गाड्यांची तोंडं बाहेर जायच्या दिशेला करून उभं राहावं. १३ मार्च २०१० रोजी रेव्हलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर चढाई बघायला जमलेल्या लोकांवर हिमस्खलन आलं. दोघांचा जीव गेला आणि सुमारे ३० जण जखमी झाले. थांबायची जागा निवडणं किती महत्त्वाचं आहे, हे याहून स्पष्ट सांगता येणार नाही.

पायरी ६: चालवणं

उभे राहा. गुडघे सैल, टेदर अंगाला बांधलेला, नजर दोन-तीन गाड्यांच्या अंतरावर पुढे.

खोल बर्फात गाडी हँडलने वळत नाही, कुशीवर वळते. डावीकडे जायचं असेल तर वजन डाव्या फूटबोर्डवर न्या, हँडल किंचित उजवीकडे फिरवा, गाडी स्वतःकडे ओढा आणि थ्रॉटलचा एक छोटा झटका द्या. गाडी डाव्या कडेवर उभी राहते आणि ट्रॅकची कड वळण घेते. मोकळ्या सपाट जागेवर दोन्ही बाजूंना आठच्या आकड्यात हे घोटा. हे हातात बसेपर्यंत झाडीत जाऊ नका.

उताराला आडवं जाणं हे याचंच पुढचं रूप. गाडी उताराच्या वरच्या कडेवर झुकवून धरायची, पाय वरच्या बाजूच्या फूटबोर्डवर, स्कींचं तोंड जरासं खाली. गाडी वर चढू लागली तर थ्रॉटल थोडा सोडा. खाली घसरू लागली तर आणखी झुका आणि थ्रॉटल वाढवा. इथे दगा देतो तो घाबरून पूर्ण सोडलेला थ्रॉटल. ट्रॅक थांबला की गाडी सपाट होते आणि उताराच्या दिशेने निघते.

चढावर वेग संपेपर्यंत वाट पाहू नका. जोर शिल्लक असतानाच वळा. थांबताना ब्रेक मारू नका. थ्रॉटल सोडला की बर्फच गाडी थांबवतो. थांबण्याआधी नाक उताराकडे फिरवा, म्हणजे निघताना गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने असेल. मोठ्या झाडांच्या बुंध्यांजवळ बर्फ पोकळ असतो, तिथून लांब राहा.

अडकलात तर

थ्रॉटल लगेच सोडा. ट्रॅक फिरत असताना गाडी पुढे सरकत नसेल तर प्रत्येक सेकंदाला खड्डा वाढतो. उतरून स्कींसमोरचा आणि ट्रॅकसमोरचा बर्फ पायांनी तुडवून घट्ट करा. फार खोल गेली असेल तर इंजिन बंद करून गाडी कुशीवर पाडा, ट्रॅकखालचा खड्डा बर्फाने भरा, तुडवा, काही मिनिटं तो बर्फ बसू द्या आणि गाडी त्यावर सरळ करा. एकाने स्की ओढावी, दुसऱ्याने हलका थ्रॉटल द्यावा. ट्रॅकच्या मागे कोणीही उभं राहायचं नाही.

परतल्यावर

क्लचचं झाकण उघडून बेल्टची भुकटी झटका, बेल्टच्या कडा आणि ट्रॅकखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्या तपासा. पुढची फेरी कमी उंचीवर असेल तर जड वजनं परत बसवा, कार्ब्युरेटर असेल तर मोठा जेटही, आणि हे गाडी ट्रेलरवर चढवण्याआधीच करा. पार्किंगमध्ये गोठलेल्या बोटांनी क्लच उघडणं अवघड असतं आणि घाईत बोल्ट सैल राहतो.