स्क्रोल सॉवर मराठी नावाची पाटी कशी कापावी : पातं, लाकूड आणि शिरोरेषा

दारावरची पाटी लेझरवाल्याकडून चटकन कापून मिळते, पण तिच्या कडा काळ्या जळालेल्या येतात. स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पातं वर-खाली चालवणाऱ्या करवतीच्या यंत्रावर, त्याच पाटीला एक दुपार लागते, कड मात्र लाकडाच्याच रंगाची राहते. शिवाय देवनागरी या यंत्राला फार सोयीची आहे. रोमन अक्षरं कापली की सुटी होतात, ती पुन्हा एका ओळीत चिकटवत बसावं लागतं. आपल्या लिपीत शिरोरेषा सगळा शब्द धरून ठेवते, त्यामुळे अख्खं आडनाव एका तुकड्यात कापता येतं.

नवशिके सगळा विचार यंत्राचा करतात आणि पात्यांचं सोबत आलेलं पाकीट संपेपर्यंत रेटतात. माझं मत उलट आहे. यंत्र साधं चालेल, पाती आणि लाकूड चांगलं घ्या.

यंत्र घेताना एवढंच बघा

घरच्या कामाला १६ इंची यंत्र पुरतं. १६ इंच म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर; तेवढ्यात फळी फिरवता आली पाहिजे. वेग कमी-जास्त करण्याची सोय हवीच. बहुतेक यंत्रांत तो मिनिटाला ४०० ते १६०० फेऱ्यांच्या आसपास असतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पातं कसं अडकतं ते. काही यंत्रांना दोन्ही टोकांना आडवी पिन असलेली पाती लागतात, काहींना बिनपिनेची. फक्त पिनेचीच पाती घेणारं यंत्र पाटीसाठी नकोच. अक्षराच्या पोटात, म्हणजे चारी बाजूंनी बंद असलेल्या जागेत, पातं घालायला भोक पाडावं लागतं. पिन जायची तर ते सुमारे ५ मिलिमीटरचं लागतं, आणि मध्यम आकाराच्या ‘क’च्या पोटात तेवढी जागा नसते. बिनपिनेचं पातं दीड मिलिमीटरच्या भोकातून जातं.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र मागवणार असाल तर ते तिकडच्या १२० व्होल्टवर चालतं हे लक्षात ठेवा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावलं तर मोटर जाईल. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल, त्याचा खर्च आणि वजन दोन्ही हिशेबात धरा.

यंत्र जड टेबलाला बोल्टने आवळा आणि खाली रबराची चटई घाला. थरथर कमी झाली की रेषा आपोआप सुधारते, आणि खालच्या मजल्यावरचेही वर येत नाहीत.

पाती

बिनपिनेची पाती साधारण ५ इंच लांब असतात आणि नंबराने विकली जातात. नंबर वाढला की पातं रुंद होतं आणि दात मोठे होतात. ३ मिलिमीटरच्या प्लायला १ नंबर, ६ मिलिमीटरला ३ नंबर, १२ ते १८ मिलिमीटरच्या लाकडाला ५ नंबर आणि इंचभर जाडीला ७ किंवा ९ नंबर घ्या. एकाच नंबरची पाती घ्यायची असतील तर ५ नंबरची डझनभर घ्या. पाटीचं बहुतेक काम त्यावर निघतं.

दातांच्या मांडणीत ‘स्किप टूथ’ म्हणजे एक सोडून एक दात. मधल्या रिकाम्या जागेतून भुसा बाहेर पडतो, म्हणून लाकूड कमी तापतं. ‘रिव्हर्स टूथ’मध्ये खालचे काही दात उलटे, वर तोंड केलेले असतात. ते वर जाताना फळीची खालची बाजू साफ कापतात, प्लायचा पापुद्रा उडत नाही. मात्र पातं सर्वांत वर असताना उलट्या दातांपैकी दोन-तीनच टेबलाच्या वर दिसले पाहिजेत, त्याहून जास्त दिसले तर फळी उचलली जाते. ‘स्पायरल’ पातं पिळलेलं असतं आणि सगळ्या दिशांना कापतं. ऐकायला सोयीचं वाटतं, पण त्याने सरळ रेषा राखणं कठीण आणि काप खडबडीत येतो. शिरोरेषेला ते लावू नका.

पितळी पाटी करायची असेल तर सोनारांची हत्यारं विकणाऱ्या दुकानात जा. दागिने कापायच्या करवतीची पाती १३० मिलिमीटरची असतात, म्हणजे जवळपास याच लांबीची. पत्र्याखाली टाकाऊ प्लाय ठेवून, वेग अगदी कमी ठेवून ती चालवायची.

पातं दात खाली, तोंड आपल्याकडे असं लावा आणि ताण द्या. बोटाने छेडल्यावर स्वच्छ, उंच ‘टिंग’ आला पाहिजे. बद्द आवाज आला तर ताण कमी आहे. बाजूने दाबून पातं तीनेक मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल तरी तेच.

मग टेबल काटकोनात आहे का ते पाहा. लहान गुण्या पात्याला लावून पाहता येतो, पण त्याहून भरवशाची युक्ती अशी : जाड ठोकळ्यात जरासा काप घ्या, ठोकळा फिरवून पात्याच्या मागे आणा आणि पाठीमागून पातं त्याच खाचेत सरकवा. अलगद गेलं तर टेबल बरोबर. अडलं तर तिरकं.

पातं तुटेपर्यंत वापरायची गोष्ट नाही. फळी ढकलावी लागते, कडेला जळकट रेघ येते, रेषा धरायला जोर लागतो, यांपैकी काहीही जाणवलं की बदला. बोथट पात्यावर माणूस जोर लावतो, आणि बोटं पात्याखाली जातात ती त्याच वेळी.

कोणतं लाकूड

पहिली पाटी प्लायवर करा. बाल्टिक बर्च प्लाय मिळाला तर उत्तम : ६ मिलिमीटरमध्ये पाच थर, मधे पोकळी जवळपास नाही, रंग फिका. नेहमीच्या दुकानातला व्यापारी प्लाय स्वस्त पडतो, पण आत पोकळ्या निघतात, आणि त्या नेमक्या वेलांटीच्या वळणावर उघड्या पडतात. घेताना चारी कडा बघा. कडेवर काळी फट दिसली तर आतही असणारच. पाटी उघड्या दारावर, पावसाच्या झडीत लागणार असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय घ्या. त्यातला डिंक पाती लवकर बोथट करतो, तरी तो खर्च परवडतो. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, लोण्यासारखं कापलं जातं, पण पाणी लागलं की फुगतं. कोकणात दाराबाहेर त्याची पाटी लावू नये.

सागवान सगळ्यांना हवा असतो. दिसतोही सुरेख, पण त्यात सिलिका असते, पाती झपाट्याने झिजतात, आणि त्याचा बारीक भुसा नाका-घशाला झोंबतो. मास्क एन ९५ दर्जाचाच लावा. शिवण हलकं आणि मऊ, शिकाऊ हाताला बरं. हळदू पिवळसर आणि बारीक रेशांचं असतं, त्याची कड इतकी स्वच्छ येते की पॉलिश पेपर क्वचितच लागतो. वखारीत पाटीपुरता तुकडा मागा, बहुधा उरलेल्या मालातून मिळतो. शिसम आधी नको; घट्ट लाकूड, लगेच जळतं. खोक्यांच्या पाइनमध्ये राळ आणि गाठी दोन्ही असतात, त्यावर फक्त सराव करा.

भरीव लाकडावर कापताना रेशा शिरोरेषेच्या दिशेने, आडव्या ठेवा. उभ्या ठेवल्या तर लांब, बारीक शिरोरेषा हातातच मोडते. आडव्या ठेवल्यावर तीच अडचण खाली लोंबणाऱ्या दंडांना आणि उकारांना येते, म्हणून ते जाड काढायचे. नाजूक वळणाचा फॉन्ट हवाच असेल तर निमूटपणे प्लायकडे वळा, तिथे थर आलटून-पालटून आडवे-उभे असल्याने ही भीती राहत नाही.

आराखडा

ठळक फॉन्ट निवडा. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेला ‘बलू’ गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो. तो गुबगुबीत आहे आणि कोपरे गोलसर, म्हणजे पात्याला हवे तसे. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच हवे असतील तर निवडलेल्या फॉन्टमध्ये ते आहेत का, हे छापण्याआधी तपासा. कुठलाही भाग ४ मिलिमीटरपेक्षा बारीक नसावा, शिरोरेषा ८ पर्यंत जाड केली तर उत्तम.

आता सुटणारे भाग शोधा. ‘सावंत’, ‘शिंदे’, ‘कांबळे’ यांतला अनुस्वार हवेत तरंगतो. तो जरा खाली ओढून शिरोरेषेला टेकवा, किंवा वेगळा कापून मागच्या फळीवर चिकटवा. ‘कुलकर्णी’मधला रफार वेलांटीला जेमतेम चिकटलेला असतो, तो जोड पेन्सिलीने जाड करा. नाव आणि आडनाव एकाच तुकड्यात हवं असेल तर शिरोरेषा मधे न तोडता सलग ओढा. शुद्धलेखनवाले नाक मुरडतील, पण पाटी मजबूत होते.

फळीवर आधी रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावा, त्यावर छापील कागद ग्लू स्टिकने चिकटवा, आणि वरून पारदर्शक पॅकिंग टेप. वरच्या टेपमुळे पातं कमी तापतं आणि जळकट डाग टळतात. खालच्या पट्टीमुळे शेवटी सगळं एकदम सोलून निघतं.

कापणी

आधी पोटं, मग बाहेरची कड. बाहेरून आधी कापलं तर धरायला काही उरत नाही आणि शब्द थरथरतो. ‘कुलकर्णी’त दोन ‘क’, एक ‘ण’ आणि वेलांटीखालची जागा अशी किमान चार पोटं आहेत. प्रत्येकात, कापून टाकायच्या भागात, कोपऱ्याजवळ दीड मिलिमीटरचं भोक पाडा. खाली टाकाऊ तुकडा ठेवा आणि मागच्या बाजूला उठलेली कुसं पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर फळी टेबलावर सपाट बसत नाही.

बहुतेक पात्यांच्या एका कडेला कारखान्यातून आलेली बारीक धार राहते, त्यामुळे काप थोडा एका बाजूला, बहुधा उजवीकडे, ओढला जातो. फळी किंचित तिरपी धरून ढकलली की रेषा जुळते. किती तिरपी, ते टाकाऊ तुकड्यावर दोन सरळ रेषा कापल्या की हाताला कळतं.

अक्षर आणि शिरोरेषा मिळतात तिथे टोकदार कोपरा येतो. तिथे पोचलात की पुढे ढकलणं थांबवा, पात्याच्या बिनदातांच्या पाठीवर किंचित दाब ठेवा आणि फळी जागच्या जागी फिरवा. यंत्र मात्र चालूच हवं. बाहेरच्या कोपऱ्यात एवढी कसरत नको; रेषा ओलांडून टाकाऊ भागात छोटा फेर घ्या आणि नव्या दिशेने परत या. वेग मध्यम ठेवा, जाड कठीण लाकडात त्याहून कमी. सैल बाह्या, ओढणी, कडं आधीच काढून ठेवा.

शेवटचा हात

टेप सोला, कडा २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्याच घासा. जोर लावला तर कोपरे गोल होतात. पोटात पेपरची सुरळी करून फिरवा. आतल्या दाराला जवसाचं तेल चालतं, बाहेरच्याला पारदर्शक पीयूचे (पॉलियुरेथेन वॉर्निशचे) दोन-तीन हात द्या. मागच्या बाजूलाही तेवढेच हात हवेत, नाहीतर पाटी एका अंगाला वाकते. भिंतीवर लावताना मागे छोट्या चकत्या चिकटवून ५-६ मिलिमीटर फट ठेवा. पाणी मागे साचत नाही आणि अक्षरांची सावली पडते, त्यामुळे नाव रस्त्यावरूनही वाचता येतं.