काखेतला कळसा शोधायची वही

आपल्याकडे काय आहे हे डोकं खाजवून सापडत नाही. रोजच्या वापरातली गोष्ट नजरेतून उतरते, आणि जे आपल्याला सहज जमतं ते सगळ्यांनाच जमत असणार असं आपण धरून चालतो. त्यामुळे ‘माझे गुण’ असं शीर्षक देऊन लिहायला बसलं की ‘प्रामाणिक, मेहनती, मनमिळाऊ’ एवढ्यावर गाडी अडते. अशा यादीतून काही निघत नाही. त्यापेक्षा नोंदी ठेवा. त्यासाठी एक वही, 14 दिवस आणि रोज रात्रीची 10 मिनिटं लागतात.

वही कशी लिहायची

पानाचे तीन रकाने करा. पहिल्यात आज कोणी काय विचारलं किंवा मागितलं ते लिहा. दुसऱ्यात तुम्ही नेमकं काय केलंत ते. तिसऱ्यात फक्त खूण: काम संपल्यावर तरतरी वाटली तर अधिक, जीव मेटाकुटीला आला तर उणे.

खरी मेख दुसऱ्या रकान्यात आहे. तिथे विशेषणं नकोत, क्रियापदं हवीत. ‘सहकाऱ्याला मदत केली’ ही नोंद फुकट गेली. ‘पाळ्यांच्या वेळापत्रकात दोघांची नावं एकाच जागी आली होती. कोणाला कधी जमत नाही ते आधी विचारलं, त्या जागा रिकाम्या सोडल्या, मग बाकीच्या भरल्या. 20 मिनिटं’ ही नोंद कामाची. पहिलीतून तुम्ही भले आहात एवढंच कळतं. दुसरीतून कळतं की माणसं आणि वेळ यांची सांगड तुम्हाला घालता येते, आणि ते कौशल्य शिबिरापासून नाटकाच्या तालमीपर्यंत कुठेही लागतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी ‘आज काही घडलंच नाही’ म्हणून वही मिटली जाते. तसं वाटलं तर फोनमधले दिवसभराचे संदेश आणि कॉल चाळा. दोन-तीन मागण्या तरी निघतातच. एखादा दिवस राहिला तर तो नंतर आठवून भरू नका. आठवणीत मोठे प्रसंग टिकतात आणि बारीकसारीक गळून जातात, आणि आपल्याला हवं असतं ते बारीकसारीकच.

पंधराव्या दिवशी तीन किंवा अधिक वेळा आलेल्या गोष्टींभोवती गोल काढा. इथे एक खड्डा आहे. लोक वारंवार मागतात ते प्रत्येक काम म्हणजे कौशल्य नव्हे. काही कामं तुमच्या गळ्यात पडतात ती फक्त तुम्ही नाही म्हणत नाही म्हणून. ओळखायची खूण सोपी आहे: मी नसतो तर हे कोणाकडे गेले असते? उत्तर ‘कोणाकडेही’ असेल आणि खुणा उणे असतील, तर ते ओझं आहे. ते कमी करणं हाही फायदाच, मोकळा झालेला वेळ पुढे लागणार आहे.

दुसऱ्यांच्या नजरेतून

दहा जणांना लेखी विचारा: काही घरचे, काही कामावरचे, काही जुने. प्रश्न एकच: ‘माझा तुला खरोखर उपयोग झाला असा एक प्रसंग सांगशील?’ ‘माझ्यात काय चांगलं आहे?’ असं विचारलंत तर कौतुक मिळेल, माहिती मिळणार नाही. उत्तर मोघम आलं तर ‘तेव्हा मी नेमकं काय केलं होतं?’ एवढंच पुढे विचारा. आठवड्याने एकदा आठवण करा, दुसऱ्यांदा नको. जे दोघा-तिघांनी लिहिलंय आणि तुमच्या वहीत मात्र कुठेच नाही, ते लाल शाईने उतरवून घ्या. शोधात सर्वांत मोलाचं बहुधा तेच असतं.

वस्तू, कागद, अर्धवट कामं

मानसशास्त्रज्ञ कार्ल डुंकर यांचा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. त्यावरचं त्यांचं लेखन 1945 साली इंग्रजीत आलं. मेणबत्ती, काड्या आणि टाचण्यांची खोकी द्यायची आणि मेणबत्ती उभ्या पृष्ठभागावर बसवायला सांगायची. टाचण्या खोक्यातच ठेवल्या तर अनेकांना खोकं म्हणजे टाचण्यांचं भांडं एवढंच दिसतं. खोकी रिकामी दिली की तेच खोकं मेणबत्तीखालची फळी म्हणून सुचतं.

हीच युक्ती घरात करा. एका वेळी एकच कप्पा, 45 मिनिटं, त्याहून जास्त नाही. अख्खं घर एका दमात काढलं की तिसऱ्या तासाला सगळं पुन्हा आत कोंबलं जातं. प्रत्येक वस्तू बाहेर काढून तिचं नाव न घेता वर्णन लिहा: ‘सपाट, लाकडी, धुता येणारी, वजन पेलणारी’. नाव बाजूला केलं की दुसरा उपयोग दिसू लागतो. संगणकातल्या जुन्या फाइल आणि अर्धवट सोडलेली कामंही याच कप्प्यांत मोजा. अर्धवट कामापुढे ‘का थांबलं?’ हे एका ओळीत लिहा. कारण जर वेळ, साधन किंवा सोबत हे असेल आणि ती अडचण आता उरली नसेल, तर ते काम पुन्हा यादीत घ्या.

विसरलेली माणसं

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांची पाहणी मांडली. ज्यांच्याकडून माहिती मिळाली त्यांना वारंवार भेटणारे होते जेमतेम 17 टक्के. बाकीचे कधीमधी किंवा क्वचितच भेटणारे. कारण उघड आहे: जवळच्यांना ठाऊक असतं ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असतं. फोनमधून तीन वर्षांत बोलणं न झालेली पाच नावं निवडा आणि प्रत्येकाला जुन्या धाग्याची एक ओळ लिहा. पहिल्याच संदेशात काम सांगू नका. नाहीतर ती आठवण मतलबाची होते.

आरोग्य, जिवाभावाचं माणूस, निवांत सकाळ यांचा उपयोग शोधू नये. त्यांची किंमत जाणवली तरी पुरे. त्यासाठी 15 मिनिटं ‘हे मला मिळालंच नाही, असं कसकसं घडू शकलं असतं’ ते लिहा. ‘कसं मिळालं’ हे लिहिण्यापेक्षा याने जास्त बरं वाटतं, असं 2008 सालच्या एका संशोधनात दिसलं होतं.

चाळणी आणि चाचणी

उरलेल्या प्रत्येक नोंदीला तीन प्रश्नांवर 0 ते 2 गुण द्या: हे पुन्हा पुन्हा दिसलं का, कोणाला याची गरज आहे का, हातात आहे तेवढ्यावर दोन आठवड्यांत करून पाहता येईल का? सर्वाधिक गुणांची एकच नोंद उचला. दोन घेतल्या की दोन्ही अर्धवट राहतात.

चाचणीला 14 दिवस, एकूण 5 तास, नवीन खर्च शून्य. पाळ्या लावण्याचं कौशल्य असेल, तर एका ओळखीच्या गटाचं एका आठवड्याचं वेळापत्रक लावून द्या, बस्स. या टप्प्यावर लोक नेमकं उलटं करतात: आधी नाव ठरवतात, साधनं विकत घेतात, आणि काम करून पाहायचं राहूनच जातं. ‘छान झालं’ म्हणाले तर चाचणी यशस्वी धरू नका. न विचारता कोणी दुसऱ्यांदा मागितलं तर धरा.

छंदाच्या बाबतीत जरा हात आखडता ठेवा. पाच तासांनंतर त्याच्यापुढची खूण अधिकाची उणे झाली, तर त्याला कामाला न जुंपता तो नुसता छंदच राहू द्या आणि गुणांत दुसरी आलेली नोंद घ्या. बाकीच्या यादीवर सहा महिन्यांनंतरची तारीख टाकून वही बंद करा. तोवर मागणारी माणसं आणि मागण्या दोन्ही बदललेल्या असतात.