आरसी विमानाचं पेट्रोल इंजिन बिघडलं? सुई फिरवण्याआधी या चुका टाळा

आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलच्या विमानाचं इंजिन रेस पकडेना झालं की पहिला स्क्रू-ड्रायव्हर जातो तो कार्ब्युरेटरच्या सुईवर, म्हणजे पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूवर. पाव फेरा इकडे, अर्धा तिकडे, आणि थोड्या वेळाने सुया मुळात कुठे होत्या हेच कुणाला सांगता येत नाही. काल नीट उडालेलं इंजिन आज रुसलं असेल, तर सुई रात्रीत आपोआप फिरलेली नसते. बिघाड टाकीत, नळीत, जाळीत नाहीतर ठिणगीत असतो. सुईचा नंबर सगळ्यात शेवटी.

बाईकच्या हिशोबाने ट्यूनिंग

कोल्हापुरात इंजिनातल्या जाणकारांची वानवा नाही. स्टँडऑफ (इंजिन बसवायचा दांडा) असो की सायलेन्सरची पट्टी, उद्यमनगरात लेथवर लगेच करून मिळते. पण तिथल्या मिस्त्रीचा हात बसलेला असतो मोटारसायकलवर. "मिक्स्चर जरा बारीक करून देतो की," म्हणत तो आवाज खणखणीत होईपर्यंत सुई आत घेतो. बाईकचं ऑइल खाली वेगळं असतं. आपल्या टू-स्ट्रोकला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी, वर उष्णता जास्त. मग रिंग चिकटते, पिस्टन जाम होतो.

वालब्रो कंपनीच्या धर्तीच्या कार्ब्युरेटरला दोन्ही सुया (कमी रेसची लो, पूर्ण रेसची हाय) हळूच बंद करून साधारण दीड-दीड फेरा उघडल्या की इंजिन सुरू होण्याइतकं जमतं. आधी लो, मग हाय. पूर्ण थ्रॉटलवर हाय सुई थोडी थोडी बंद करत गेलं की आरपीएम चढतात आणि एका जागी थांबतात. तिथेच सोडायचा मोह होतो. सोडू नका. परत उघडत टॅकोमीटरवर 200 ते 300 आरपीएम उतरवा, कारण हवेत प्रॉपेलरवरचा भार हलका होतो, आरपीएम आणखी चढतात आणि जमिनीवर बरोबर वाटलेलं मिक्स्चर वर लीन पडतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं. दुसऱ्याला विमान घट्ट धरून नाक वर करायला सांगा. आरपीएम पडले तर सुई अजून किंचित उघडायची. आणि हात घालायचा तो प्रॉपेलरच्या मागून, फिरत्या पात्यांवरून वाकून कधीच नाही.

थ्रॉटल झटक्यात दिल्यावर इंजिन धूर न काढता फट्‌दिशी बंद पडलं, तर लो लीन आहे. अर्धा मिनिट आयडलवर ठेवून रेस दिल्यावर गुरगुरत, धूर ओकत मग उचलत असेल, तर लो रिच आहे, म्हणजे पेट्रोल जास्त होतंय. लो सुईतलं पेट्रोल पूर्ण थ्रॉटललाही थोडं जातच असतं. म्हणून लो हलवली की हाय पुन्हा तपासायची. हे बरेच जण विसरतात.

जाळी कुणी बघतच नाही

हाय सुई दर रविवारी थोडी थोडी जास्त उघडावी लागतेय? मग कार्ब्युरेटरच्या पंपाच्या बाजूचं झाकण काढा. ते बहुधा एकाच स्क्रूवर असतं. (चार स्क्रूंचं झाकण दुसऱ्या बाजूचं, मीटरिंग डायफ्रामचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पडद्याचं.) आत गॅस्केट आणि पातळ डायफ्राम, आणि त्याखाली करंगळीच्या नखाहूनही लहान गोल जाळी. तिच्यावर टाकीतला बारीक कचरा, नळीची झीज, कॅनच्या तळाचा गाळ साय धरल्यासारखा बसलेला दिसेल. टाचणीने टोकरू नका. पेट्रोलने धुवा, फुंकर मारा. उघडण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण गॅस्केट आणि डायफ्रामचा क्रम उलटला की पंपच चालत नाही.

तसंच नळीचं. ग्लो इंजिनची (मिथेनॉलवर चालणाऱ्या) सिलिकॉन नळी पेट्रोलमध्ये फुगते आणि मऊ पडते. टायगॉनसारखी पेट्रोलचीच नळी लावा. तीही वर्षभरात कडक होते. नळीत बुडबुडे दिसले तर हवा कुठून शिरतेय ते शोधा. टाकीच्या आतला तुकडा चिरला असेल तर तो बाहेरून दिसत नाही, इंजिन मात्र नाक वर केलं की मरतं.

टोपणभर ऑइल

अंदाजपंचे टोपणभर ऑइल ओतणं बंद करा. 40:1 म्हणजे 1 लिटरला 25 मिली, 32:1 म्हणजे साधारण 31 मिली. मॅन्युअल सांगेल तेच प्रमाण, मापाच्या भांड्याने, आणि ऑइल 2टीचंच, म्हणजे टू-स्ट्रोकचं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं आणि डायफ्राम कडक करतं. महिनाभर पडून राहिलेलं मिश्रण विमानात घालू नये.

जमिनीवर छान, हवेत बेभरवशी

या तक्रारीत बऱ्याचदा दोषी काऊल, म्हणजे इंजिनावरचं नाकाचं आवरण असतं. कार्ब्युरेटरच्या मीटरिंग झाकणाला एक बारीक भोक असतं, डायफ्राम त्यातून बाहेरचा दाब घेतो. वेगात काऊलमध्ये हवा कोंबली गेली की तो दाब वाढतो आणि मिक्स्चर रिच होतं. उलट त्या जागी दाब कमी पडला तर लीन होतं. झाकणाला पितळी नळी झाळून रबरी नळीने ते भोक विमानाच्या पोटात नेलं की प्रश्न मिटतो. काऊलमधून हवा बाहेर पडायची जागा आत यायच्या जागेच्या दुप्पट तरी ठेवा, नाहीतर सिलिंडर तापतो आणि आपण पुन्हा सुईलाच शिव्या देतो.

ठिणगी तपासताना कॅपमध्ये प्लग हवाच आणि प्लगची बॉडी इंजिनला टेकलेली हवी. मोकळ्या कॅपने इग्निशन चालू केलं तर सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. इग्निशनची बॅटरी रिसिव्हरपासून वेगळी आणि शक्य तितकी लांब ठेवा. रेडिओची रेंज तपासायची ती इंजिन चालू ठेवून, बंद ठेवून नाही.

हंगामही लक्षात घ्या. एप्रिलच्या दुपारी बसवलेली सुई डिसेंबरच्या सकाळी लीन पडते, कारण थंड हवा दाट असते. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. आंबा घाट उतरून रत्नागिरीला विमान नेलंत तरी तोच प्रकार, खाली हवा दाट म्हणून हाय सुई किंचित उघडावी लागते. उडवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशाही बघा. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ आहे, नो-फ्लायचं वर्तुळ शहराबाहेरच्या बऱ्याच माळरानांवर येतं.

पावसाळ्यात चार महिने विमान टांगून ठेवणार असाल तर टाकी रिकामी करा, इंजिन आयडलवर आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मग इग्निशनची बॅटरी काढा, प्लगच्या भोकातून 2टीचे चार-पाच थेंब सोडा आणि प्रॉपेलर हाताने दोन-चार वेळा फिरवा. दसऱ्याला बाहेर काढल्यावर इंजिन कुरकुर करू लागलं तर आधी डायफ्रामचा किट बदला.