घरच्यांसाठी अ‍ॅप बनवताय? या चुका टाळा

दिवसाची कामं आटोपून, मुलं झोपल्यावर जो तासभर हाती लागतो त्यात आपण घरासाठी काहीतरी बनवत असतो: वाढदिवसांचं कॅलेंडर, किराण्याची यादी, फोटोंचा अल्बम. वापरणारे चारच जण असतात, पण ते त्यावर विसंबतात. म्हणून ‘घरचंच तर आहे’ म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी इथे जास्त नडतात.

सगळ्यात जास्त छळतात त्या तारखा. वाढदिवस १० मार्चला, आणि कॅलेंडर दाखवतंय ९ मार्च. जावास्क्रिप्टच्या डेटला ‘२०१९-०३-१०’ अशी नुसती तारीख दिली, की ती यूटीसीप्रमाणे, म्हणजे ग्रीनिचशी जुळणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, मध्यरात्र धरली जाते. ग्रीनिचच्या पश्चिमेला राहणाऱ्या बहिणीच्या फोनवर त्या क्षणी आदलाच दिवस चालू असतो. पूर्वेकडच्यांना उलटा फटका बसतो: स्थानिक मध्यरात्र आयएसओ मजकुरात (यूटीसीतल्या प्रमाणित रूपात) बदलून तारखेपुरता भाग साठवला, की साठवतानाच एक दिवस मागे जातो. यावर ठरावीक तास मिळवून-वजा करून ठिगळ लावू नका; जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात तिथे ते उसवतं. वाढदिवसाला वेळ नसतेच. वर्ष, महिना, दिवस हे तीन आकडे वेगळे साठवा आणि दाखवताना त्यांतून तारीख तयार करा. तेव्हा महिन्यातून एक वजा करायला विसरू नका, कारण जावास्क्रिप्टच्या डेटमध्ये जानेवारी शून्यावर असतो. घरात कुणी २९ फेब्रुवारीला जन्मलं असेल, तर लीप नसलेल्या वर्षी ती तारीख मुकाट्याने १ मार्च होते. वाढदिवस २८ ला हवा की १ ला, हे ज्याचा त्यालाच विचारा.

फोटोंच्या बाबतीत मी अजिबात तडजोड करत नाही. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्येच दडलेल्या एक्झिफ माहितीत अक्षांश-रेखांश बसलेले असतात. मुलांचा अंगणातला फोटो जसाच्या तसा चढवला, तर घराचा पत्ताच चढवल्यासारखं होतं. अपलोड करण्याआधी ब्राउझरमधल्या कॅनव्हासवर (कोडने चित्र काढायच्या जागेवर) फोटो लहान करून नव्याने जेपेग बनवा. त्यात एक्झिफ उरत नाही आणि फाइल हलकी होते ते वेगळंच. अल्बम खासगी हवा असेल तर लॉगिन लावा. रोबोट्स डॉट टीएक्सटी ही साइटवरची फाइल म्हणजे सर्च इंजिनांना ‘इथे येऊ नका’ अशी केलेली विनंती असते. लिंक मिळालेल्या माणसाला ती अडवत नाही.

यादी लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आतल्या साठ्यात, ठेवली असेल तर ती त्या एका ब्राउझरपुरतीच राहते. आईने लिहिलेलं बाबांच्या फोनवर दिसत नाही, ते यामुळेच. शिवाय सफारीत सात दिवस त्या साइटकडे कुणी फिरकलं नाही, तर हा साठा पुसला जाऊ शकतो. छोटासा का होईना, सर्व्हरवर डेटाबेस ठेवा, आणि सगळा डेटा फाइलमध्ये उतरवून घेणारं एक बटण पहिल्याच दिवशी द्या.

‘तू बदललंस म्हणतोस, पण मला जुनंच दिसतंय’ ही तक्रार आली की आधी कॅशेवर, म्हणजे ब्राउझरने साठवून ठेवलेल्या जुन्या फाइलींवर, संशय घ्या. प्रायव्हेट विंडोत नवीन दिसलं तर कोड ठीक आहे. सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये मागे राहून साइटच्या फाइली पुरवणारी स्क्रिप्ट) असेल तर नवी आवृत्ती उतरूनही थांबून राहते. जुने सगळे टॅब बंद होईपर्यंत तिची पाळी येत नाही. आजोबांना कॅशे पुसायला लावू नका. फाइलच्या नावातच आवृत्तीचा हॅश (मजकूर बदलला की बदलणारा संकेतांक) येईल अशी बिल्डची, म्हणजे साइट तयार करण्याच्या टप्प्याची, सोय करा.

एपीआय की (बाहेरची सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) चुकून गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, गेली, तर पुढच्या कमिटमध्ये (नोंदीत) ती ओळ खोडून भागत नाही, कारण जुन्या कमिटमध्ये ती तशीच वाचता येते. आधी की रद्द करून नवी घ्या, साफसफाई मागाहून. आणि बारशाच्या किंवा वाढदिवसाच्या आदल्या रात्री लायब्ररी अपडेट करायला बसू नका; दुसऱ्या दिवशी पाहुणे अल्बम उघडणार असतात आणि तुम्हालाही त्यांच्यात बसायचं असतं.