सीडॉचा पर्यायी अहवाल लिहिताय? या चुका टाळा

सीडॉ म्हणजे स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा करार. भारताने तो ९ जुलै १९९३ रोजी मंजूर केला. त्याच्या अंमलबजावणीचा अहवाल सरकार त्यावर देखरेख करणाऱ्या जिनिव्हातल्या समितीला देतं आणि महिला संघटना आपला पर्यायी अहवाल पाठवतात. समितीतले २३ तज्ज्ञ दोन्ही समोर ठेवून सरकारला प्रश्न विचारतात. म्हणून आपल्या कागदातून थेट प्रश्न निघायला हवा, आणि नेमकं तिथंच बहुतेक मसुदे कमी पडतात.

ऊसतोड मजूर बायांवरचा एक मसुदा माझ्याकडे आला होता. पानोपानी ‘घोर अन्याय’, पण कराराचं एकही कलम नाही. खरं तर त्याच मजकुरात सगळं होतं. मासिक पाळीत कामावर न गेल्यास खाडा (गैरहजेरीचा दंड) लागतो, हे रोजगाराचं कलम ११. नीट तपासणी न करता गर्भाशय काढलं, हे आरोग्याचं कलम १२. फडाशेजारच्या पालात ना पाणी ना संडास, हे ग्रामीण स्त्रियांचं कलम १४. प्रत्येक घटनेखाली कलम लिहा, त्याखाली सरकारने नेमकं काय करायला हवं ते. जुलै २०१४ मध्ये समितीने भारताचा आढावा घेऊन शिफारशी केल्या होत्या. आपल्या विषयावरची शिफारस शोधा आणि तिचं पुढे काय झालं ते सांगा.

पीडितेला ‘जिनिव्हाला तक्रार करू’ असा शब्द कधीही देऊ नका. वैयक्तिक तक्रारीची वाट ऐच्छिक प्रोटोकॉल या सीडॉच्या स्वतंत्र पूरक करारातून जाते आणि भारताने तो स्वीकारलेलाच नाही. खोट्या आशेवर तिला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणं मला फार क्रूर वाटतं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची माहिती मागताना आणखी एक घोळ होतो. माहिती अधिकारात तक्रारींचा तपशील मागितला की २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्याचं, तक्रारीचा तपशील गुप्त ठेवणारं कलम १६ दाखवून अर्ज फेटाळतात. त्याऐवजी जिल्हाधिकारी कार्यालयाकडे स्थानिक समितीच्या (याच कायद्याखालची जिल्ह्याची तक्रार समिती) वार्षिक अहवालातले आकडे मागा: तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, ९० दिवसांहून जास्त किती रेंगाळल्या. स्थानिक समितीच नेमलेली नसेल तर तसं लेखी उत्तर घ्या. तोही पुरावाच आहे.

वेळापत्रक आधी पाहा. सरकारला विचारायची सीडॉ समितीची प्रश्नयादी सुनावणीच्या बरीच आधी ठरते; तिच्यात आपला प्रश्न हवा तर कागद त्याआधी पोचायला हवा.

नाव गाळलं म्हणजे ओळख लपली, असं समजू नका. गाव, वय आणि मुकादमाचं नाव एकत्र आलं की बाई ओळखू येते. गोपनीय ठेवायला सांगितलं नाही तर अहवाल संकेतस्थळावर सर्वांसाठी खुला होतो.

आणि पाठवण्याआधी मसुदा मजुरांच्या टोळीत बसून वाचून दाखवा. आम्ही ‘खाड्याचा दंड रोख घेतात’ असं लिहिलं होतं. एक बाई म्हणाली, “रोख कुठला ताई, उचलीत धरतात. हिशेबाला बसलं तवा कळतं.” उचल म्हणजे आधी घेतलेली आगाऊ रक्कम. ते वाक्य आम्ही तिथंच बदललं.